दुपारची वीज संध्याकाळपर्यंत

ऑक्टोबर २०१८ मध्ये जपानच्या क्युशू बेटावर एक अजब प्रकार घडला. लख्ख ऊन पडलेले असताना तिथल्या वीज कंपनीने सौरप्रकल्पांना वीजनिर्मिती आवरती घ्यायला सांगितले. मागणी असेल तेवढीच वीज ग्रिडमध्ये सोडावी लागते, ती जास्त झाली तरी घात. त्यात बेटावरच्या अणुभट्ट्या दुपारपुरत्या मंद करण्याजोग्या नव्हत्या. मग सुट्टी मिळाली ती सूर्याला!

हीच कथा आता आशियाभर आहे. भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. पण दिवेलागणीला मागणी चढते, नेमके तेव्हाच सौरवीज शून्यावर येते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे?

बॅटरीचे नाव आधी येते, पण जुना आणि दणकट उपाय पाण्याचा. तो पाहायला जपानला जायची गरज नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरचा जलाशय आहे आणि कड्याखाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ खालचा. मध्ये सुमारे चारशे मीटरांची उतरण, आणि डोंगराच्या पोटात १२५ मेगावॅटचे दोन संच. विजेची चणचण असली की पाणी खाली सोडायचे, मुबलक असली की तीच यंत्रे उलटी फिरवून ते वर चढवायचे. जपानी कर्जातून उभा राहिलेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला.

हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. गच्चीवरची हजार लिटरची टाकी चारशे मीटर खाली रिकामी केली, तर वीज मिळते जेमतेम एक युनिट. म्हणून तर अख्खी धरणे लागतात. शिवाय चढवायला शंभर युनिट खर्चले की परत येतात पंच्याहत्तर-ऐंशी. हा तोटा वाटतो खरा, पण फुकट जाणाऱ्या दुपारच्या विजेतून ऐंशी हाती आले तर तक्रार कशाला?

चीनने हेच अवाढव्य प्रमाणात केले. हेबेई प्रांतातल्या फेंगनिंगला ३०० मेगावॅटचे बारा संच, एकूण ३,६०० मेगावॅट, २०२४ च्या अखेरीस पूर्ण झाले. बॅटऱ्यांच्या बाजारातही चीनच पुढे आहे. आपल्याकडे छत्तीसगडच्या राजनांदगावला सौरप्रकल्पाशेजारी १२० मेगावॅट-तासांची बॅटरी बसली आहे. दोन-चार तासांच्या गरजेला बॅटरी उत्तम, आणि ती उभारायलाही वेळ कमी लागतो.

साठवणूक वाचवण्याचाही एक मार्ग आहे, त्याची चर्चा कमी होते. शेतीपंपांना रात्रीची लाईट देण्याऐवजी सौर कृषी वाहिनीवरून दिवसा दिली, तर तेवढी वीज साठवावीच लागत नाही. शेतकऱ्याची रात्रीची जागरणे आणि अंधारातली विंचूकाट्याची भीती टळते, ती वेगळीच.

आता सह्याद्रीच्या कड्यांवर घाटघरसारख्या अनेक प्रकल्पांची आखणी चालू आहे. जागा नैसर्गिकरीत्या सोयीची, यात वाद नाही. पण धरणाविरुद्धचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह ज्या मातीत झाला, तिथे धरणाची किंमत कोण देतो हे कुणाला सांगायला नको. त्याच मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिऱ्याच्या वीजकेंद्राला १९९० च्या दशकात १५० मेगावॅटचा उलटा फिरणारा संच बसवला गेला. त्यामुळे माझे मत सरळ आहे: आधी आहेत त्या जलाशयांना असे संच जोडा, ते कुठे जमत नाही हे आकडेवारीनिशी दाखवा, आणि मगच नव्या जंगलाला हात लावा.