युद्धांत गेलेल्या आपल्या शिपायाचा शोध

“आमचे पणजोबा लढाईवर गेले होते,” असें सांगणारीं घरें आपल्या परभणी जिल्ह्यांत अजूनही आढळतात. परंतु कोणती लढाई, कोणती पलटण आणि कोणता देश, असें विचारलें म्हणजे उत्तर अडतें. एक पिवळी पडलेली तसबीर, पेटीच्या तळाशीं ठेवलेलें एक पदक आणि “बसऱ्याला गेले ते परत आले नाहींत” एवढें एक वाक्य, इतकेंच काय तें मागें उरलेलें असतें. एवढ्याशा साधनांवरून त्या पुरुषाची ओळख पुन्हा पटविणें शक्य आहे काय, आणि असल्यास तें कोणत्या मार्गानें, याचा विचार आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिल्या महायुद्धांत (१९१४-१९१८) हिंदुस्थानांतून १० लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. दुसऱ्या महायुद्धांत (१९३९-१९४५) हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरांत पोहोंचली. एवढ्या समुदायांत नुसत्या ‘गणपत जाधव’ या नांवानें कोणाचाही शोध लागावयाचा नाहीं. त्या नांवाचे शिपाई एकाच पलटणींतही अनेक असूं शकत. यास्तव शोध करणारानें तीन खुणा एकत्र जुळवाव्या: वडिलांचें नांव, गांव व तालुका, आणि शिपायाचा नंबर त्याच्या पलटणीसह. पहिल्या महायुद्धाच्या काळीं प्रत्येक पलटण आपल्या शिपायांस स्वतंत्र नंबर देत असे. म्हणून पलटणीवांचून नंबर म्हणजे गांवावांचून घराचा क्रमांकच होय.

ही तिसरी खूण पुष्कळदां घरांतच असते. पहिल्या महायुद्धाचें रुप्याचें पदक असल्यास त्याची पुढची बाजू पाहून थांबूं नये. त्याची कड पाहावी. तेथें बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नांव व पलटण हीं कोरलेलीं असतात. असें पदक चिंचेनें किंवा राखेनें घासून लख्ख करण्याचा मोह आवरावा, कारण त्या घासण्यानें कडेवरील अक्षरें झिजतात आणि पदक चकाकत असतां माणूस मात्र हरवतो.

पलटणीचें नांव हातीं आलें तरी एक सावधगिरी ठेविली पाहिजे. पलटणींचीं नांवें वेळोवेळीं बदललेलीं आहेत. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री मेसापोटेमियांत कूत येथील वेढ्यांत सांपडली होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या ठाण्यानें शरणागति पत्करली. १९२२ सालीं तीच पलटण पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. आजा एका नांवाखालीं लढला आणि नातू दुसऱ्या, तरी पलटण एकच, असें यामुळें घडतें.

आपल्या भागांत तर ‘हैदराबाद’ हा शब्दच मोठा घोटाळा करितो. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत होता. हिंगोली हें गांव १९९९ पर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ही फौज १९०३ सालीं हिंदी सैन्यांत विलीन झाली. पुढें तिच्या पायदळांतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट बनली, आणि १९४५ सालीं तिलाच कुमाऊं रेजिमेंट हें नांव मिळालें. तिचें केंद्र आज रानीखेत येथें आहे. याहून निराळें असें खुद्द निजामचें सैन्य होतें. त्यांतील घोडदळ पहिल्या युद्धांत पॅलेस्टाइनमध्यें गेलें, आणि त्याची एक पायदळ पलटण डिसेंबर १९४१ मध्यें मलायांतील कोटा बारू येथें विमानतळाच्या रक्षणास होती. म्हणून “आजोबा हैदराबादच्या पलटणींत होते” असें ऐकल्यावर “यांपैकीं कोणत्या?” असा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कागद आणि माणूस यांचा मेळ कसा बसतो, याचें उत्तम उदाहरण नाईक यशवंत घाडगे यांचें. वर सांगितलेल्या तिसऱ्या बटालियनचा हा वीर १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, एकट्यानें शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला. ती त्यानें काबीज केली आणि तेथेंच तो धारातीर्थीं पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची समाधि ज्ञात नाहीं. नांव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. तरीही ओळख हरवली नाहीं, कारण नांव, पलटण आणि माणगांव तालुक्यांतील पळसगांव हें गांव, या तिन्ही गोष्टी एकमेकींस दुजोरा देतात. त्या काळचे कागद मात्र त्याचा जिल्हा ‘कुलाबा’ असा सांगतात, आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचें नांव रायगड आहे. जुन्या कागदांतील जिल्हा आजच्या नकाशावर शोधूं जाणारा असा फसतो. हिंगोलीकडील गांवांविषयींही हेंच ध्यानांत ठेवावें.

आतां घरच्या बाजूचे कागद पाहूं. निजामी अमलांतील महसुली कागद उर्दूंत असत. त्यांत ‘गणपत वल्द विठोबा’ अशी नोंद आढळते; वल्द म्हणजे मुलगा. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत, म्हणून नांव वाचतांना जाणत्याचें साहाय्य घ्यावें. सन फसली असल्यास त्यांत ५९० मिळवावे. १३५० फसली म्हणजे सुमारें १९४० साल होय. परंतु बाप हयात असतां मुलगा रणांत पडला, तर त्याचें नांव जमिनीच्या वारसांत बहुधा येतच नाहीं. तेथें त्र्यंबकेश्वर, नाशिक यांसारख्या क्षेत्रींच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी उपयोगीं पडतात. यात्रेस आलेल्या कुटुंबानें त्यांत आपल्या भावांचीं व मुलांचीं नांवें गांवासह नोंदविलेलीं असतात. शाळेचें जुनें दाखलबुक, मनिऑर्डरीची पावती, निवृत्तिवेतनाचा कागद, हीं साधनेंही तुच्छ मानूं नयेत.

दुसऱ्या टोकास कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही १९१७ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. मृत सैनिकांची तिची यादी आतां कोणासही संगणकावर पाहतां येते. नोंदींत पुष्कळदां पित्याचें नांव व गांवही असतें, आणि तेथेंच घरचा कागद व लष्करी कागद यांची गांठ पडते. मात्र इंग्रजी कारकुनानें कानावर पडेल तसें नांव लिहिलेलें असतें, म्हणून एकाच आडनांवाचीं निरनिराळीं रूपें घालून शोधावें.

या शोधाचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. फ्रान्समध्यें नव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांस स्थान आहे. परंतु बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांचीं नांवें कोरलीं गेलीं आणि साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी दिली गेली. त्यांचीं नांवें नोंदवहींत राहिलीं. असा भेदभाव झाला हें त्या कमिशननें २०२१ सालीं स्वतः मान्य करून क्षमा मागितली. दगडावरील त्या संख्येंत आपल्या मराठी पलटणींचे शिपाई आहेत. संख्येंतून माणूस वेगळा काढण्याचें काम लंडनच्या कचेरीस एकटीनें साधणारें नव्हे, कारण त्याची आई कोण, भाऊ किती, वाडा कोठला, हें त्याच्या गांवासच ठाऊक.

यास्तव विद्यार्थिमित्रांस आमची विनंति आहे कीं, येत्या सुटींत घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावें आणि वंशावळ लिहून काढावी. कोणी सांगितलें, कोणत्या तारखेस, हेंही लिहावें. ऐकलेलें व कागदावर पाहिलेलें यांसाठीं निरनिराळे रकाने करावे. नुसतें नांव जुळलें म्हणून परक्याच्या शौर्यास आपल्या घरचें म्हणूं नये. निदान दोन खुणा पटल्यावांचून निर्णय करूं नये. पालकांनींही जुने कागद रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार मुलांच्या हातीं द्यावे. दगड पुष्कळ काळ टिकतो आणि कागदाची नक्कल करितां येते, पण वृद्धाची आठवण त्याच्याबरोबरच जाते. म्हणून आरंभ तेथूनच करावा, हें बरें.