परकीय भांडवल आणि दुबईचे नगरनिर्माण

दुबई नगराचे मूळ तेथील खाडीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोती काढणे, मासेमारी आणि व्यापार यांवर येथील लोकांची उपजीविका चाले. भारताशी त्यांचा संबंध इतका निकटचा होता की, १९६६ पर्यंत येथील बाजारात रुपयाच चलन म्हणून वापरात होता.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन, गाळाने भरत चाललेली खाडी खोल करविली. बाहेरच्या पैशाने आधी सोयी निर्माण करावयाच्या आणि त्यांच्या बळावर व्यापार खेचून आणावयाचा, हे दुबईचे सूत्र तेव्हापासूनचे आहे. १९६६ साली तेल सापडले; परंतु शेजारच्या अबू धाबीच्या मानाने हा साठा अल्प होता. तो संपण्यापूर्वी उत्पन्नाचे दुसरे मार्ग शोधणे प्राप्त होते. म्हणून तेलाचा पैसा बंदरांत गुंतविण्यात आला. १९७२ मध्ये रशीद बंदर आणि १९७९ मध्ये जेबेल अली बंदर सुरू झाले. १९८५ साली जेबेल अली येथे मुक्त क्षेत्र स्थापन झाले. इतरत्र उद्योगातील निम्म्याहून अधिक हिस्सा स्थानिक भागीदाराकडे असावा लागे. या क्षेत्रात मात्र परकीयांना संपूर्ण मालकी मिळू लागली.

२००२ साली हेच तत्त्व जमिनीला लावण्यात आले. ठरावीक भागांत परकीयांना घरे कायमच्या मालकीने घेण्याची मुभा मिळाली. घर कागदावर असतानाच ग्राहक हप्ते भरीत आणि त्याच पैशातून बांधकाम पुढे सरके. पुष्कळ ग्राहकांना तेथे राहावयाचे नसून, भाव चढताच घर विकावयाचे होते. त्यामुळे मागणी होती त्यापेक्षा मोठी भासू लागली. समुद्रात भर घालून ताडाच्या आकाराचे बेट तयार झाले आणि २००४ मध्ये जगातील सर्वांत उंच इमारतीचे काम सुरू झाले. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या या इमारतीचे तीन पंख मधल्या गाभ्याला आधार देतात. वर जाताना ते टप्प्याटप्प्याने आखूड होत असल्याने वाऱ्याचा जोर विस्कळीत होतो.

२००८ च्या जागतिक अरिष्टात पतपुरवठा आटला, नवे ग्राहक येईनासे झाले आणि घरांच्या किमती कोसळल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये 'दुबई वर्ल्ड' या सरकारी कंपनीने कर्जफेडीसाठी मुदत मागितली. डिसेंबरमध्ये अबू धाबीने १० अब्ज डॉलर देऊन संकट आवरले. ४ जानेवारी २०१० रोजी ८२८ मीटर उंचीच्या त्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा 'बुर्ज दुबई' हे नाव बदलून, अबू धाबीच्या अधिपतींच्या नावावरून तिला 'बुर्ज खलिफा' म्हणण्यात आले.

या उभारणीची खरी किंमत केवळ डॉलरांत मोजता येत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ येथून आलेल्या मजुरांनी प्रखर उन्हात हे नगर बांधले. त्यांपैकी अनेकांनी गावी कर्ज काढून दलालाचे पैसे भरले होते. परवाना मालकाशी बांधलेला असल्याने काम सोडणेही त्यांना सोपे नव्हते. २००६ साली बुर्जच्या बांधकामावरील मजुरांचा असंतोष उघडपणे भडकला. भांडवल संकटाची चाहूल लागताच परत फिरू शकते. कर्ज फिटेपर्यंत मजुराला मात्र तेथेच राहावे लागते. उंच इमारतींचे मूल्यमापन करताना हा भेद विसरता येणार नाही.