लाळग्रंथीचे ऑपरेशन : नळी ठेवायची की टिश्यू ग्लू वापरायचा?

कानाच्या पुढे किंवा खाली न दुखणारी गाठ आहे आणि डॉक्टरांनी ‘पॅरोटिड’ या लाळग्रंथीचे ऑपरेशन सुचवले आहे, तर ‘नळी किती दिवस राहणार?’ हा प्रश्न तुम्हाला पडणारच. शहापूर-मुरबाडच्या रुग्णांना तो जास्त पडतो. हे ऑपरेशन बहुधा मोठ्या शहरात होते आणि एकेक दिवस वाढला की सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते.

नळी कशासाठी?

ग्रंथीचा भाग काढल्यावर त्वचेखाली पोकळी उरते. तिथे रक्त, पाणी आणि उरलेल्या ग्रंथीतून झिरपणारी लाळ साचू शकते. म्हणून आत एक बारीक नळी ठेवून ती बाहेर हवा ओढणाऱ्या डब्याला जोडतात. चोवीस तासांत साधारण २० ते ३० मिलीपेक्षा कमी पाणी आले की नळी काढतात. याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात.

टिश्यू ग्लू म्हणजे काय?

जखम झाल्यावर रक्त गोठते, तीच क्रिया इथे वापरतात. फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे दोन द्रव एकत्र फवारले की पातळ चिकट थर तयार होतो. वरून काही मिनिटे दाब दिला की त्वचा आतल्या भागाला चिकटते आणि पोकळी मिटते. पुढे हा थर शरीरात आपोआप विरघळतो. हे द्रव बहुतेक वेळा दान केलेल्या मानवी रक्तद्रवापासून, विषाणू नष्ट करण्याची प्रक्रिया करून बनवतात. त्यामुळे संसर्गाचा धोका अगदी कमी असतो. क्वचित ॲलर्जी होऊ शकते. खर्च मात्र काही हजारांनी वाढतो.

मग चांगले काय?

आतापर्यंतचे अभ्यास लहान आहेत. ग्लूमुळे पाणी कमी येते आणि काही रुग्ण लवकर घरी जातात, असे त्यांत दिसते. पण रक्ताची गाठ किंवा लाळ साचणे नक्की कमी होते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. वाहणारी रक्तवाहिनी ग्लूने बंद होत नाही. ती सर्जननेच आधी नीट बंद करावी लागते. म्हणून नळी ठेवली तर उपचार जुनाट आहे, असे समजू नका.

पहिली रात्र कुठे काढाल?

रक्तस्राव झालाच तर तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो. नळी नाही म्हणून त्याच संध्याकाळी टोकावडे किंवा डोळखांबकडच्या पाड्यावर परत गेलात आणि रात्री गाल फुगला, तर ऑपरेशन थिएटर फार दूर राहते. त्यामुळे पहिली रात्र रुग्णालयात किंवा निदान त्याच शहरात नातेवाइकांकडे काढा.

लगेच रुग्णालय गाठा, जर

- गाल किंवा मान झपाट्याने सुजली, घट्ट झाली
- श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला
- पट्टी रक्ताने भिजत राहिली
- ताप आला, पू आला

श्वासाचा त्रास असेल तर १०८ ला फोन करा. काही दिवसांनी जेवताना गाल फुगत असेल, तर लाळ साचलेली असू शकते. सुईने पाणी काढून आणि दाबपट्टी बांधून ती बहुधा बरी होते. घरी शेकू किंवा फोडू नका.

ऑपरेशनआधी विचारा

माझ्यासाठी ग्लूची खरोखर गरज आहे का? त्याचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. मनाने बंद करू नका.