दुधाळ्याची वेधशाळा आणि टूलकिटचा परवाना
(लेखमाला : सॉफ्टवेअरचा सातबारा, भाग ६)

टूलकिट म्हणजे पडद्यावरची बटणं, खिडक्या, आलेख यांची तयार सामग्री, हे मागच्या भागात पाहिलं. ती आपण घडवत बसत नाही, कुणाकडून तरी घेतो. कोणत्या अटीवर घ्यायची, पैसे मोजून की मुक्तस्रोत परवान्यावर, हा या आठवड्याचा प्रश्न.

त्यासाठी आधी औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याकडे पाहू. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिची थोरली भावंडं अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे केव्हाचीच कामाला लागली आहेत. त्यामुळे अशा ठिकाणी कोणतं सॉफ्टवेअर वापरतात हे गुपित राहिलेलं नाही.

तिथल्या नियंत्रणाचे पडदे वर्षानुवर्षं ‘एमईडीएम’ या प्रोग्रामवर चालत आले. तो बेतलेला आहे ‘मोटिफ’ या टूलकिटवर, आणि मोटिफ मूळचं मालकीचं, शुल्क भरून घ्यायचं. ते एलजीपीएल परवान्याखाली खुलं झालं २०१२ मध्ये. आरसे स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा आराखडा ‘सिम्युलिंक’मध्ये काढतात, हे आजही व्यापारी, विकतचं सॉफ्टवेअर. पण त्या आराखड्यावरून सी भाषेतला कोड तयार करणारं साधन लायगोने स्वतः लिहिलं, आणि तो कोड पळतो लिनक्सवर. म्हणजे चित्र काढायला विकतची हत्यारं चालतात, पण रात्रंदिवस चालणारा भाग आपल्या हातात. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते.

लहरी शोधणारे ‘लालसूट’ आणि ‘पायसीबीसी’ हे संच तर जीपीएलखाली पूर्ण उघडे आहेत. १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलेल्या पहिल्या लहरीची आकडेवारीही खुली आहे. हिंगोलीतला बीएस्सीचा विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर ती लहर पुन्हा शोधून काढू शकतो. वैज्ञानिक दाव्याची अशी उलटतपासणी होऊ शकते, हे खुलेपणाचं खरं कारण. फुकट मिळतं हे नव्हे.

आता वेधशाळेतून वसमतच्या मोंढ्यात या. समजा, एखाद्या तरुणाने हळदीच्या आडत दुकानासाठी पट्टी बनवणारा प्रोग्राम लिहिला: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. भाषा पायथन, टूलकिट ‘क्यूट’. पायथनमधून क्यूट वापरायचे मुख्य रस्ते दोन, ‘पायक्यूट’ आणि ‘पायसाइड’. कोडच्या ओळी जवळपास सारख्याच, पण परवाने वेगळे. पायक्यूट एक तर जीपीएलवर घ्या, नाही तर रिव्हरबँक कंपनीकडून विकत घ्या. पायसाइड एलजीपीएलवरही मिळतं. हा दुसरा रस्ता निघाला तोच परवान्यापायी. क्यूटची मालक झालेल्या नोकियाला पायक्यूट एलजीपीएलखाली हवं होतं, बोलणी फिसकटली, आणि २००९ मध्ये नोकियाने पायसाइड आणलं.

घरच्याच दुकानात प्रोग्राम वापरायचा असेल तर जीपीएल काहीच मागत नाही. तोच दहा आडत्यांना विकला की मात्र मागणी सुरू. जीपीएल विकायला मनाई करत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पण गिऱ्हाइकाला प्रोग्रामचा सगळा स्रोत द्यावा लागतो, आणि तो पुढे कुणालाही देण्याचा हक्क त्याला मिळतो. एलजीपीएलखाली स्वतःचा कोड झाकून ठेवता येतो. फक्त टूलकिटचा भाग बदलून पाहण्याची सोय गिऱ्हाइकाला राहिली पाहिजे. घरगुती यंत्रात सॉफ्टवेअर कुलूपबंद करून विकायचं ठरलं की एलजीपीएलची तिसरी आवृत्ती आडवी येते. तिथे सरळ पैसे मोजावेत.

व्यापारी परवान्याला मी नावं ठेवत नाही. त्यात तक्रार ऐकणारं कुणीतरी मिळतं. पण मालक बदलतो, धोरणही बदलतं. २०२० मध्ये क्यूट कंपनीने जाहीर केलं की दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांच्या पुढच्या दुरुस्त्या आधी पैसे भरणाऱ्यांनाच मिळतील. याची धास्ती केडीई या मुक्त डेस्कटॉपवाल्यांनी फार आधी घेतली होती. १९९८ मध्येच त्यांनी तेव्हाच्या मालकाशी, नॉर्वेच्या ट्रोलटेकशी करार केला. बारा महिने मुक्त आवृत्ती निघाली नाही, तर क्यूट अगदी सैल परवान्याखाली खुलं करण्याचा हक्क त्यांच्या प्रतिष्ठानाला मिळाला. मालक बदलत गेले, करार नव्याने होत गेला.

माझं मत विचाराल तर छोट्या व्यावसायिकाने एलजीपीएलपासून सुरुवात करावी आणि बंद पेटीतलं यंत्र विकायचं असेल तरच खिशात हात घालावा. सध्या तुमच्या हातात जो प्रोग्राम असेल, त्यातल्या प्रत्येक टूलकिटचं नाव कागदावर लिहा आणि समोर त्याचा परवाना लिहा. एखाद्यासमोरची जागा रिकामी राहिली, तर तो शोधल्याशिवाय गिऱ्हाइकाला कोटेशन देऊ नका.