मताची हुंडी कोणी सकारावयाची?

युद्धाने होरपळलेल्या राष्ट्रात एकदा मोकळेपणी मतदान झाले की लोकराज्य अवतरले, असे मानणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांनी कंबोडियाचा इतिहास अवश्य पाहावा.

१९७५ पासूनच्या पावणेचार वर्षांत पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीने अंदाजे पंधरा ते वीस लाख माणसे शस्त्राने, उपासमारीने व वेठीने मारली. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ती राजवट उलथली. परंतु सुटका करावयास आलेला हा शेजारी १९८९ पर्यंत घरातच ठाण मांडून बसला. अखेर १९९१ साली पॅरिस येथे करार झाला आणि निवडणूक घेण्याचे काम संयुक्त राष्ट्रसंघाने पत्करले. त्यासाठी वीस हजारांहून अधिक सैनिक, पोलीस व अधिकारी तेथे गेले. त्यांत भारतीय पलटणही होती.

२३ ते २८ मे १९९३ या दिवसांत मतदान झाले. ख्मेर रूजने बहिष्कार पुकारून धाक घातला असताही, नोंदलेल्या सुमारे ४७ लाख मतदारांपैकी शेकडा ९० च्या जवळपास लोकांनी मत दिले. प्रजेचे हे धैर्य कोणासही नतमस्तक करील असेच होते. १२० जागांपैकी राजपुत्र रणरिद्ध यांच्या पक्षास ५८ व सत्तारूढ हुन सेन यांच्या पक्षास ५१ जागा मिळाल्या.

पुढे काय झाले? हरलेल्या पक्षाने निकाल मानण्याचे नाकारले, आणि तडजोड म्हणून एका देशास दोन पंतप्रधान नेमावे लागले! कारण उघड आहे. लष्कर, पोलीस व गावोगावचा कारभार पूर्वीच्याच हाती राहिला होता. कराराने राष्ट्रसंघास त्या कारभारावर देखरेखीचा अधिकार दिला होता. तो कागदावरच राहिला. जुलै १९९७ मध्ये हुन सेन यांनी शस्त्रबळाने रणरिद्धांस दूर केले. २०१७ साली प्रमुख विरोधी पक्ष न्यायालयाच्या हुकुमाने विसर्जित झाला आणि २०१८ साली सर्व १२५ जागा एकाच पक्षाच्या पदरी पडल्या. २०२३ साली पंतप्रधानपद पित्याकडून पुत्राकडे गेले.

मत ही प्रजेने सत्तेवर लिहिलेली हुंडी होय. हुंडी कितीही खरी असो. ती सकारली न गेल्यास कागदाचे मोल ते काय, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे नलगे. म्हणून मतपेट्या मांडण्यापूर्वीच तिजोरी, ठाणे व शस्त्रागार यांच्या किल्ल्या निःपक्षपाती हाती गेल्या पाहिजेत. एवढे न करता घेतलेली निवडणूक म्हणजे शूर मतदारांचा विश्वासघात होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.