वारा, पाऊस आणि परांची

वैशाखातल्या संध्याकाळी या मंडपात वाऱ्याची झुळूक आली, तर श्रोत्यांना बरे वाटते. परंतु याच शहरात सातव्या मजल्याच्या परांचीवर उभा असलेला गवंडी त्याच वाऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहत असतो. वळीव येणार हे त्याला आभाळावरून कळते; खाली उतरावे की नाही, हे मात्र त्याच्या हाती नसते. बांधकामावरील हवेचे धोके कोणते, ते कसे आवरता येतात आणि काम थांबविण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम वारा घेऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी 36 किलोमीटर वाऱ्याचा एका चौरस मीटरवर सुमारे 6 किलोचा रेटा येतो; ताशी 72 ला तोच सुमारे 24 किलो होतो. आता तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पत्रा घेऊन परांचीवरून चालणारा बिगारी डोळ्यांपुढे आणा. पत्रा वाऱ्याला आडवा आला, तर पहिल्या वाऱ्यात तो त्याला 18 किलोने ढकलतो आणि दुसऱ्यात 72 किलोने. म्हणजे एक धट्टाकट्टा माणूसच अंगावर लोटला जावा तसा. म्हणून वारा वाढू लागला की पत्रे, प्लायवूड आणि फळ्या यांची ने-आण सर्वांआधी बंद झाली पाहिजे.

मुंबईत घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळी वाऱ्यात जाहिरातीचा फलक पडला आणि 17 माणसे गेली. परवानगीची मर्यादा 40 फूट लांबी-रुंदीची होती. फलक 120 फुटांचा होता. बाजू तिप्पट केली की क्षेत्रफळ नऊपट होते, आणि वारा क्षेत्रफळावर आपला जोर वसूल करतो. परांचीला बांधलेल्या हिरव्या जाळीचीही हीच गोष्ट. ती विटेचा तुकडा अडविते हे खरे. परंतु ती शिडासारखा वाराही धरते. जाळी लावली की परांची इमारतीला जखडणारे बांधही वाढविले पाहिजेत.

क्रेनच्या बाबतीत हा हिशेब चुकला तर काय होते, हे अमेरिकेतील मिलवॉकी शहराने 14 जुलै 1999 रोजी पाहिले. क्रीडांगणाच्या छपराचा चारशे टनांहून जड तुकडा वाऱ्यात उचलला जात असता प्रचंड क्रेन कोसळली आणि तीन लोखंडकाम करणारे कामगार ठार झाले. वजनाचा विचार झाला होता. त्या विस्तीर्ण तुकड्यावर वारा किती जोर करील, याचा पुरेसा झाला नव्हता. क्रेनची वाऱ्याची मर्यादा तिच्या पुस्तकात लिहिलेली असते. वारा मात्र जमिनीवर नव्हे, क्रेनच्या टोकाशी मोजावा लागतो.

आता पाऊस. पाणी मुरले की माती जड होते आणि तिची पकडही सुटते. पुण्यातच कोंढव्याला 29 जून 2019 च्या रात्री मुसळधार पावसात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि 15 जीव गेले. ती माणसे कामावर नव्हती, झोपेत होती. म्हणून मजुरांची वस्ती कोठे आहे, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. चराविषयीचा नियम सोपा आहे: दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना टेकू द्यावा किंवा उतार द्यावा, काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर टाकावी आणि पाऊस पडून गेल्यावर चर तपासल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये.

सामानाचेही तसेच. सिमेंटची पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावीत. ओल्या जागी चालणाऱ्या व्हायब्रेटरला व पंपाला, 30 मिलिअँपिअर गळतीलाही वीज तोडणारी कळ असावी. विजेचा गडगडाट ऐकू आला की उंचावरून उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये.

ऊन आवाज करीत नाही, म्हणून ते अधिक फसवे. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकेच काम उन्हात द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत जावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर द्यावे.

यातले काहीच गूढ नाही. 1928 साली हवामान खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. त्या जागेला आपण अजून शिमला ऑफिस म्हणतो. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे साधनही पुण्याच्याच संस्थेने घडविले. सूचना मोबाइलवर येते. मग माणूस उतरत का नाही?

आम्ही हे नाक्यानाक्यांवर विचारले आहे. उत्तर ठरलेले: ‘उतरलो तर अर्धा रोज बुडतो.’ वाऱ्यापेक्षा ही भीती त्याला अधिक जोराने ढकलते. ज्याची मजुरी थांबते त्यालाच काम थांबवावयास सांगणे, ही थट्टा होय.

ठेकेदार म्हणतात, खोळंबा परवडत नाही. परंतु पावसाळा दरसाल येतो. तो अपघात नव्हे. खोळंब्याचे दिवस निविदेतच धरता येतात. शिवाय 1996 च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर कामगारकल्याणाचा उपकर बसविला. नोव्हेंबर 2021 मध्ये दूषित हवेमुळे दिल्लीकडील बांधकामे थांबली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने याच निधीतून कामगारांना निर्वाहाची रक्कम देण्यास सांगितले. धुरासाठी जे झाले, ते वादळासाठी का होऊ नये?

आमचे मागणे तीन कलमांचे आहे. काम सुरू होण्यापूर्वी वारा, वीज व ऊन यांच्या मर्यादा फलकावर लिहाव्यात. मर्यादा ओलांडताच काम थांबविण्याचा अधिकार मुकादमाला आणि कामगारालाही असावा. आणि त्या दिवसाची हजेरी पूर्ण लागावी. तिसरे कलम नसेल, तर पहिली दोन फलकावरच राहतील.

श्रोत्यांपैकी अनेकांचे घर आज कोठेतरी बांधले जात असेल. तेथे गेल्यावर फरशीचा रंग अवश्य विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा, की काल वळीव आला तेव्हा माणसे खाली उतरली होती काय, आणि त्यांचा रोज मिळाला काय.