कुंतीला फळे हवीत, तर कात्री आवरा

कुंती, म्हणजेच रोपवाटिकेतली कामिनी, हे लिंबाच्या कुळातले सदाहरित झुडूप. कढीपत्त्याची जवळची नातलग. मोकळे वाढू दिले तर ते दोन-तीन मीटर उंच होते. चांगला पाऊस झाला की काही दिवसांत सगळे झुडूप एकदम पांढऱ्या फुलांनी लदबदते. संत्र्याच्या बहरासारखा त्यांचा वास संध्याकाळनंतर लांबवर जातो. पाकळ्या लवकर गळतात आणि मग फळे धरतात: आधी हिरवी, नंतर नारिंगी, शेवटी लालभडक. फळ जेमतेम सेंटिमीटरभर, टोकाला निमुळते. चिरडले तर बोटांना चिकट गर लागतो, आत एक-दोन बिया निघतात. माणसाने ती खायची नाहीत, बुलबुल मात्र आवडीने खातात.

सोसायट्यांच्या कुंपणात कुंती सर्रास असते, फळे मात्र अभावानेच दिसतात. फुले कोवळ्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतात आणि माळी नेमके तेच शेंडे वरचेवर छाटतो. चौकोनी ठोकळा मिळतो, पण बहर जातो. फळे हवी असतील तर दोन झुडपांत दीडेक मीटर जागा ठेवावी आणि फळे गळून गेल्यावर वाळक्या, एकमेकींत अडकलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

निदान अर्धा दिवस ऊन आणि निचऱ्याची माती एवढ्यावर कुंती भागवते. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर गादीवाफा उंच करावा. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी शेणखत आणि चिलेटेड लोहाची फवारणी उपयोगी पडते. रोपे बियांपासून होतात. पिकल्या फळांचा गर धुऊन बी ताजेच पेरावे, कारण साठवलेले बी नीट उगवत नाही. बियांच्या रोपाला फुलायला काही वर्षे लागतात. घाई असेल त्याने गुटी कलम घ्यावे.

एक धोका मात्र गंभीर आहे. सिट्रस सायला ही कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते, आणि प्रत्येक छाटणीनंतर तशी पालवी फुटतेच. हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. तो झाडाला जडला की बरा होत नाही. म्हणून नागपूरकडे किंवा कुठेही संत्रा-मोसंबीची बाग जवळ असेल, तर कुंती लावू नये.